पानिपतच्या ब्लँकेटवर

डिसेंबरात रात्री दिवा मालवून डोक्यावरून स्वेटर काढला की चटचट आवाज येतो आणि अंधारात क्षणभर निळसर ठिणग्या दिसतात, तो प्रकार लहानपणी मला आणि ताईला भयंकर आवडायचा. आम्ही मुद्दाम दोन-दोनदा स्वेटर घालून काढायचो आणि आई पलीकडच्या खोलीतून ओरडायची की झोपा आता, उद्या शाळा आहे. शाळेत याच गोष्टीला 'स्थिर विद्युत' असं भारदस्त नाव होतं, बाईंनी एबोनाइटची कांडी लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले होते आणि विषय संपला होता. परीक्षेत दोन मार्काला. या दोन मार्कांमुळे पुढे आपण एका भल्या माणसाशी धडधडीत खोटं बोलणार आहोत हे तेव्हा काय माहीत.

तर २००८ सालचा डिसेंबर. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घर नारायण पेठेत, वाडा पाडून बांधलेल्या बिल्डिंगमध्ये तिसरा मजला. घरात एक असेंबल केलेला कॉम्प्युटर होता, ५१२ एमबी रॅम, आणि तो इतका स्लो की बटण दाबून मी चहा टाकून यायचे. दिवाळीला मिळालेले पैसे साठवून मी तपकीर गल्लीतून एक जीबीची डीडीआर-२ रॅम आणली. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगते, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासचा हा सगळा भाग म्हणजे पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, रेझिस्टरपासून स्पीकरपर्यंत जे हवं ते. पासोडी म्हणजे जाडंभरडं पांघरूण, पूर्वी तिथे पासोड्या विकायला बसायचे म्हणून विठोबाचं नाव पासोड्या पडलं असं सांगतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कळलं तेव्हा मात्र हसू आलं, कारण माझ्या गोष्टीत पांघरूणच निघालं गुन्हेगार.

घरी आले, थंडी मरणाची, मोझॅकच्या फरशीवर पाय टेकवत नव्हते. म्हणून मी कॅबिनेट उचलून सरळ पलंगावर घेतलं. पलंगावर आदल्याच आठवड्यात बाबांनी रस्त्यावरच्या गाडीवरून आणलेलं पानिपतचं ब्लँकेट, ते वाघाचं चित्र असलेलं, गुबगुबीत, शंभर टक्के कृत्रिम धाग्याचं. अंगात लोकरीचा स्वेटर, पायात मोजे. मांडी घालून बसले, कॅबिनेटचं दार काढलं, धूळ फुंकली, मग काहीतरी विसरलं म्हणून उठले, परत येऊन ब्लँकेटवर सरकत सरकत बसले, रॅम प्लॅस्टिकच्या खोक्यातून काढून ब्लँकेटवरच ठेवली (वाघाच्या नाकावर, मला अजून दिसतं), जुनी काढली, नवीन बसवली, दोन्ही बाजूच्या खटक्या टक-टक लागल्या. मशीन सुरू झालं. एक जीबी दाखवलं. मी स्वतःवर इतकी खूश की रात्री जेवताना सगळ्यांना दोनदा सांगितलं.

साधारण दोन आठवडे सगळं झकास चाललं. मग एक दिवस निळा स्क्रीन. मग दोन दिवसांनी परत. मग वर्डमध्ये असाइनमेंट टाइप करताना मशीन आपोआप रिस्टार्ट. कॉलेजातल्या एकाने रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टची सीडी दिली, ती रात्रभर चालवली, सकाळी उठून बघते तर स्क्रीनवर लाल ओळींची रांगच रांग. पानिपत झालं होतं, मराठी माणसाला त्यासाठी १७६१ सालच लागतं असं नाही.

रॅम घेऊन परत दुकानात. दुकानदार काका पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. त्यांनी रॅम कडेने धरून उजेडात बघितली आणि विचारलं, "कोणी बसवली? भावाने का?" माझा पारा चढला. वर्गात आम्ही साठजणांत नऊ मुली होतो, हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा ऐकायला मिळायचा. म्हटलं, "मीच बसवली." ते म्हणाले, "बरं. कशावर ठेवून?" आणि त्या क्षणी, का ते मला चांगलं माहीत आहे, मी म्हटलं, "टेबलावर."

त्यांनी एक सेकंद माझ्याकडे बघितलं, चष्मा खाली ओढला, आणि काही न बोलता आतून दुसरी रॅम आणून दिली.

मला तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं की ब्लँकेटमुळे काही होतं. पण त्यांनी 'कशावर' असं विचारलं म्हणजे त्याला काहीतरी अर्थ असणार एवढं कळत होतं, आणि मुलगी आहे म्हणून घोळ घातला असं त्यांच्या मनात येऊ नये म्हणून मी ते टेबल हवेतून निर्माण केलं.

खरा अर्थ कळायला आणखी चार वर्षं गेली. भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सर्किट बोर्ड जोडायच्या लाइनवर ट्रेनी म्हणून लागले तेव्हा पहिला दिवस पूर्ण या एकाच विषयावर गेला. आत शिरायच्या दारात एक धातूची पाटी, तिच्यावर उभं राहून बटणावर बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागला तर आत, लाल लागला तर टाचेचा पट्टा नीट बांधून परत. अंगात निळा कोट, त्याच्या कापडात मध्ये मध्ये करड्या रेघा, त्या रेघा म्हणजे वीज वाहून नेणारे धागे. टेबलावर रबरी मॅट, मॅटला वायर. आत थर्माकोलचा कप चालणार नाही, प्लॅस्टिकची पिशवी चालणार नाही, सिंथेटिक ओढणी कोटाच्या बाहेर दिसली तर आमच्या लाइनच्या ताई एवढ्या मोठ्याने हाक मारायच्या की पुढच्या लाइनवरचे वळून बघायचे. मला वाटलं होतं हे सगळं जरा अतीच आहे, कंपनीला ऑडिट असतं म्हणून करतात.

मग त्यांनी आकडे सांगितले आणि मला ते वाघाचं नाक आठवलं.

दाराच्या कडीला हात लावल्यावर आपल्याला जो चटका बसतो ना, तो जाणवायला अंगावर साधारण ३,००० व्होल्ट जमलेले असावे लागतात. त्याच्या खाली काही जाणवतच नाही. आणि काही नाजूक पार्ट १०० व्होल्टच्याही आत खराब होऊ शकतात. म्हणजे मधला हा जो पट्टा आहे, शंभरपासून तीन हजारापर्यंतचा, त्यात तुम्ही पार्टला मारता आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. ना चटका, ना ठिणगी, ना आवाज. मी त्या दिवशी ब्लँकेटवर बसून 'मला कुठे शॉक लागला' असं कुणाला विचारलं असतं तर ते अगदी खरं असतं आणि अगदी निरुपयोगी.

हजारो व्होल्ट ऐकून लोक घाबरतात किंवा हसतात, की मग आपण मरत कसे नाही. पुण्यातल्या माणसाला समजेल असं सांगायचं तर पाण्याची टाकी पार चौदाव्या मजल्याच्या गच्चीवर आहे, पण टाकीत पाणी चमचाभर. उंची म्हणजे व्होल्टेज. चमचाभर पाणी चौदाव्या मजल्यावरून तुमच्या डोक्यावर पडलं तर तुम्ही वर बघून शिव्या द्याल, एवढंच. पण खाली मुंगी असेल तर? चिपच्या आत एकेका ट्रान्झिस्टरवर जो इन्सुलेशनचा थर असतो तो काही नॅनोमीटरचा, आपल्या केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. तो फाटतो किंवा वितळतो. ट्रेनिंगमध्ये आम्हाला मायक्रोस्कोपखालचा फोटो दाखवला होता, छान सरळ रेघांच्या जाळीत मध्येच एक खड्डा, कडा वितळलेल्या. मागून कुणीतरी म्हणालं, आमच्या रोडवरचा आहे. सगळे हसले.

आणि हवेचं म्हणाल तर त्यांच्याकडे एक तक्ता होता, गालिच्यावरून चालत गेलं तर कोरड्या हवेत अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत जमू शकतात, तेच दमट हवेत १,५००. दमट हवेत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा अगदी पातळ, न दिसणारा थर असतो आणि चार्ज त्यातून हळूहळू निसटून जातो. म्हणून मुंबईच्या लोकांना हा त्रास फारसा माहीत नसतो आणि आपल्याकडे थंडीत आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी केस कंगव्याच्या मागे उभे राहतात. माझ्या घरी आता आर्द्रता मोजायचं एक स्वस्तातलं यंत्र आहे, एप्रिलमध्ये दुपारी तीनला ते २२ टक्के दाखवत होतं आणि जुलैत ८५ च्या खाली यायला तयार नव्हतं. त्यामुळे कॉम्प्युटर उघडायचा असेल तर मी सरळ पावसाळ्याची वाट बघते, लोक पंचांग बघतात तसं.

(जाता जाता, अंबरला, म्हणजे झाडाच्या चिकाचा जुना होऊन दगड झालेल्या खड्याला, संस्कृतात 'तृणमणी' म्हणतात, घासला की गवताची काडी ओढून घेतो म्हणून. ग्रीक लोक त्याच अंबरला 'इलेक्ट्रॉन' म्हणायचे आणि त्यावरून सगळी इलेक्ट्रिसिटी आली. आपल्याकडे मात्र तृणमणीवरून काहीच आलं नाही, आपण 'करंट लागला' म्हणून मोकळे.)

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. ती रॅम माझ्यामुळेच गेली का, हे मला माहीत नाही आणि कधीच कळणार नाही. कारखान्यातून आधीच खराब आलेली असू शकते, तसंही होतं. स्टॅटिकने पार्ट जागीच मरतो तेव्हा निदान हिशेब सरळ असतो, पण कधी कधी तो म्हणे अर्धवट जखमी होतो, काही दिवस चालतो आणि मग जातो, आणि असं नेमकं किती वेळा होतं यावर इंजिनिअर लोकांतच वाद आहेत. मला त्या दोन आठवड्यांचा फार त्रास होतो. चोरी पकडली जात नाही याचं एक सुख असतं, पण आपण चोरी केली की नाही हेच ठरत नाही, त्याचं काय करायचं?

यंदा एप्रिलमध्ये ताईकडे गेले होते, सिंहगड रोडला. भाची सोळा वर्षांची, तिने स्वतः पैसे जमवून, पार्ट निवडून कॉम्प्युटर जोडलाय, आत दिवे बिवे. तो साफ करायचा होता. मी पोचले तर बाईसाहेब गालिच्यावर, पायात मोजे, हातात व्हॅक्यूम क्लीनरची प्लॅस्टिकची नळी, थेट ग्राफिक कार्डच्या दिशेने. मी किंचाळलेच. नळीतून धूळ आणि हवा जोरात जाते तेव्हा ती नळी स्वतःच चार्ज होते, शिवाय वाऱ्याने पंखे गरागरा फिरतात आणि उलटी वीज तयार करतात ते वेगळंच, पंख्याला बोट लावून धरायला पाहिजे. ती म्हणाली, "मावशी, यूट्यूबवर सगळे असंच करतात. कुणाचं काही जात नाही."

आणि तिचं बरंचसं खरं आहे. आजकालच्या चिपच्या पायांवर संरक्षणाची सोय आतच केलेली असते, यूएसबीसारख्या ज्या जागांना रोज हात लागतो तिथे तर जास्तच, आणि बोर्डवर बसलेला पार्ट हा सुट्या पार्टपेक्षा बराच सुरक्षित. हजार लोक मोज्यांवर उभं राहून करतात आणि नऊशे-कितीतरी लोकांचं काही बिघडत नाही. ज्यांचं बिघडतं ते व्हिडिओ टाकत नाहीत, ते दुकानात जाऊन 'टेबलावर' म्हणतात. हे मी तिला सांगितलं नाही अर्थात.

मी तिला गालिच्यावरून उठवलं, मोजे काढायला लावले, कॅबिनेट डायनिंग टेबलावर लाकडावर ठेवलं, प्लग काढायला लावला आणि सांगितलं की आधी उघड्या पत्र्याला हात लाव, रंगाला नाही, पावडर कोटिंगला हात लावून काही उपयोग नाही, मागे एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, स्क्रूला लाव. आणि दर थोड्या वेळाने लावत राहा, कारण हलली की परत चार्ज होणारच. यात लोकांचा एक गैरसमज असतो की जमिनीशी जोडलं की झालं. खरी गोम अशी की तू, कॅबिनेट आणि हातातला पार्ट, तिघं एका पातळीवर पाहिजेत. तारेवर कावळा बसतो, त्याला काही होत नाही, कारण तो फक्त एकाच तारेवर आहे. पार्टची चंदेरी पिशवी उघडायच्या आधी ती पिशवी हातात धरून पत्र्याला टेकव, मग उघड. कार्ड कडेने धर, त्या सोनेरी पट्ट्यांना बोट नको.

तिने हात लावला आणि म्हणाली, "बघ, आत्ता काही नाही. पण चालू असताना इथे नेहमी स्टॅटिक लागतं. झिणझिण होतं."

मी थांबले. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं तूच नाही का फोनवर म्हणालीस, हवा कोरडी आहे, स्टॅटिक असेल म्हणून."

म्हणाले होते. सहा महिन्यांपूर्वी, गाडी पार्क करता करता. आणि ते साफ चुकीचं होतं. स्टॅटिकचा चटका एकदाच बसतो, चट् झालं की टाकी रिकामी. हात ठेवल्यावर सतत झिणझिण होत राहते ती भिंतीतली वीज. एसएमपीएसमध्ये फिल्टरचे दोन कपॅसिटर असतात, त्यातून थोडीशी वीज कॅबिनेटच्या पत्र्याकडे येते आणि अर्थिंगच्या वायरने गुपचूप निघून जाते. अर्थिंगच नसेल तर ती जाणार कुठे, पत्रा २३० च्या साधारण निम्म्यावर जाऊन बसतो. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून नुसती झिणझिण, पण आत खरोखर काही शॉर्ट झालं तर वाचवायला कुणी नाही.

माझ्या पर्समध्ये मल्टिमीटर असतो (हो, असतो). बोर्डच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल २३३ दाखवलं. फेज आणि वरचं मोठं भोक, म्हणजे अर्थ, तिथेही तेवढंच यायला पाहिजे, तर ७० च्या आसपास काहीतरी नाचणारा आकडा. मीटरने भुताटकीचा आकडा दाखवला की समजायचं वायर कुठेच जोडलेली नाही. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनदादांनी प्लेट उघडली तर मागे हिरवी वायर होती. नीट दुमडून, टेप गुंडाळून ठेवलेली. सात वर्षं. ज्याने कोणी काम केलं त्याने टेप मात्र व्यवस्थित लावली होती, कौतुक वाटावं इतकी व्यवस्थित. दादा म्हणाले, "ताई, घाईत राहून गेलं असेल." घरातले बाकीचे सगळे पॉइंट बरोबर निघाले, फक्त हा एक.

म्हणजे मी मोठ्या हौसेने मनगटाला अंगावरचा चार्ज वायरीने सोडणारा पट्टा बांधून त्याची क्लिप त्या सॉकेटच्या अर्थला जोडायला लावली असती, तर पोरीने स्वतःला थेट हवेलाच बांधून घेतलं असतं.

पट्ट्याचं सांगायचं राहिलंच. मनगटाच्या पट्ट्याच्या वायरीत १ मेगाओमचा रेझिस्टर असतो आणि तो चार्ज हळू सोडायला तर असतोच, पण मुख्य म्हणजे माणसाला वाचवायला. चुकून २३० ला हात लागला तर पट्ट्यातून जाणारा करंट पाव मिलिअँपिअरच्याही आत राहतो, जो धड जाणवतही नाही. नुसती तार बांधून घरगुती पट्टा करणारे महाभाग मी बघितलेत, त्यांनी हे वाचावं. आणि बिनवायरीचा पट्टा म्हणून एक चीज ऑनलाइन मिळते, दिसायला छान, उपयोग राखी इतकाच.

भाचीला नवीन रॅम घ्यायची होती आणि पट्टाही, म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही दोघी पीएमटीने (पीएमपीएमएल म्हणायचं, पण तोंडात पीएमटीच येतं) शनिवारवाड्याला उतरून चालत गेलो. मी त्या दुकानाकडे इतकी वर्षं गेले नव्हते. मुद्दाम नाही, पण गेले नव्हते. बाहेर आता एलईडी पट्ट्या आणि सीसीटीव्हीचे खोके लटकलेले, गर्दी तीच. आत काका होते. केस पूर्ण पांढरे, चष्मा कपाळावर.

भाचीने रॅमचं नाव, स्पीड, सगळं घडाघडा सांगितलं. त्यांनी रॅम काउंटरवर ठेवली, पट्टा ठेवला. मी तिथेच मीटर काढून पट्टा मोजला, १.०१ मेगाओम. त्यांनी मीटरकडे बघितलं, मग भाचीकडे.

"कोण बसवणार?"

"मी," ती म्हणाली.

"बरं." यावेळी भावाचं विचारलं नाही. बिल लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाले, "गादीवर बसून लावू नकोस गं. तसं विचारलं की सगळे टेबलावरच लावतात. पण डिसेंबर-जानेवारीत परत यायचं प्रमाण जरा जास्त असतं."

भाची हसली. मी पर्समध्ये खाली मान घालून सुट्टे शोधत राहिले.